पासंग

पावणेचारला आली लोवेना,
साडेचारला टपालाची गाडी.
दोन हातांत दोन पिशव्या, तिसरी काखेत,
आणि रांगेत तिच्या मागे
पेन्शनचं कार्ड खिशाखिशात शोधणारे मिस्टर नॅन्सकिव्हेल.
"त्रेसष्ट आहेत," म्हणाली, "रागावू नकोस."

चौकोनी, चपटी, पुठ्ठ्याची पाकिटं.
प्रत्येकावर तिच्याच हातचा पत्ता,
पंचविसाव्यापासून अक्षर दमलेलं,
चाळिसाव्यानंतर पुन्हा सावरलेलं,
मधे चहा झाला असणार.
तिची चौथी रेकॉर्ड.
कंपनी नाही, मॅनेजर नाही,
मासळीच्या गोदामात सकाळची पाळी आहे,
आणि बोटांना जो वास आहे
तो न्यूलिनमध्ये कुणालाच येत नाही.

मी वजन करते.
तीनशे चाळीस. तीनशे चाळीस. तीनशे पंचेचाळीस.
"ह्यात काय जास्त?"
"चिठ्ठी," ती म्हणते,
आणि बंदराकडे बघते, जिथे बघण्यासारखं काही नसतं.

कराडला आमचं भुसार दुकान होतं.
वडील सकाळी रिकामा तराजू उचलून बघत,
जे पारडं हलकं, त्यात एक खडा टाकत.
पासंग.
गिऱ्हाइकाच्या नजरेत तो भरायचा नाही,
पण त्याच्याशिवाय वजन खरं व्हायचं नाही.
इथल्या काट्याला तसलं काही लागत नाही.
शून्य म्हणजे शून्य.

परदेशच्या पाकिटांना फॉर्म.
आत काय, विचारावंच लागतं.
"गाणी. अकरा."
"असं चालत नाही गं. वस्तू लिही."
ती लिहिते: प्लास्टिकची तबकडी, एक.
"किंमत?"
इथे पेन थांबतं.
मिस्टर नॅन्सकिव्हेल खाकरतात.
अठरा पौंड, लिहिते शेवटी,
दुसऱ्याच्या मुलाचं वय सांगावं तसं, अंदाजाने.

मग दाखले. तिला प्रत्येकाचा वेगळा हवा.
मी शिक्का मारते, त्रेसष्ट वेळा.
फेब्रुवारीत एकदा ती छोटा माइक घेऊन आली होती,
"मार ना शिक्का, रद्दी कागदावर,"
मी मारला.
"इतक्या जोरात नको. नेहमीसारखा."
नेहमीसारखा कसा मारतात
ते मला त्या क्षणापासून आठवेना.

चौसष्टावं पाकीट तिने काचेखालून सरकवलं.
"ह्याला तिकीट नको. तुझं."
रेकॉर्ड वाजवायला माझ्याकडे काही नाही
हे मी सांगितलं नाही.
घरी ओट्यावरच्या दिव्याखाली तिरकी धरून
तिच्या रेघा पाहिल्या,
बाजरीच्या ताटात बोट फिरवावं इतक्या बारीक.
मागच्या बाजूला आभार:
व्हॅन दुरुस्त करणारा, बहीण,
चॅपलच्या तळघराची किल्ली देणारी बाई.
दोनदा वाचलं. माझं नाव नव्हतं.
कुत्र्याचं होतं.

शनिवारी पेन्झन्सला गेले,
जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात
पंचवीस पौंडांची चिठ्ठी लावलेला प्लेअर.
म्हातारा म्हणाला, एक बाजू ऐका, मग ठरवा.
उभ्यानेच ऐकली, कुणाच्या तरी दान केलेल्या कोटांमध्ये.
शब्द निम्मे कळले.
तिचं इंग्रजी गाताना माझ्याशी बोलत नाही,
समुद्राकडे तोंड करून बोलतं.
चौथ्या गाण्यात
तिचा आवाज सुटून वर जाणार एवढ्यात
ठप्प.
परत जाणार, परत
ठप्प.
मऊ, मात्रेच्या किंचित मागे,
जसा उशीर मला आयुष्यभर होत आला.

"ड्रम बरा आहे," म्हातारा म्हणाला.
"हो," मी म्हटलं,
"जरा मागे पडतो."
प्लेअर घेतला नाही.
घेतला असता तर रोज ऐकलं असतं,
आणि हात बिघडला असता.

तीन आठवड्यांनी एक पाकीट परत आलं,
ह्या पत्त्यावर कुणी राहत नाही.
लोवेना पाळीवर होती.
मी ते काट्यावर ठेवलं, उगीच.
तीनशे पंचेचाळीस.