धातू गेला कुठं

विट्याच्या डेपोत रात्री पावणेदहाला
कंडक्टर पिशव्या उलट्या करतात काउंटरवर
आणि मी मोजते.
मोजायला तोंड लागत नाही,
म्हणून हे काम मला बरं.

त्यातलंच एक, रुपयाचं, स्टीलचं.
काठाला चंद्रकोरीएवढा घास नाही.
शेजारच्या टेबलावरचा लोंढे म्हणाला,
"टांकसाळीची चूक. लाखाला जातंय असलं."
मी पर्समधला रुपया टाकून ते बदलून घेतलं
आणि रविवारी मुगुटरावांकडं गेले.

मुगुटराव साळुंखे. तेहतीस वर्षं कोट्टायमला गलाई.
मूस, भट्टी, तेजाब.
डाव्या हाताची दोन नखं परत आलीच नाहीत.
आता खानापूर रस्त्याला माडीवर बसून
लोकांची वाकडी नाणी बघतात, फुकट,
स्वतःशी मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटत.

घास गेलेली जागा त्यांनी बघितलीच नाही.
नाणं फिरवलं, भिंग धरलं बरोबर समोरच्या काठावर.
"जखम कुठं हाय ती कुणीबी दावंल.
चकती कापतानाच तुकडा गेला असंल
तर ठसा बसताना समोरची कड उपाशी ऱ्हाती,
दबकी, पुसट.
ही बघ, भरलीया चांगली.
म्हंजे पोटभर जेवून, घराबाहेर पडून,
मग कुणीतरी कानस चालवलीया."

मी उठले नाही. पुढच्या रविवारीही गेले.
उंच रेघ साच्याच्या तड्याची,
खोल रेघ रस्त्याची.
उलटी अक्षरं दिसली की हुरळायचं नाही, पाठ बघायची:
पकडीत दोन नाणी आवळली असतील
तर पाठ चेपलेली असते.
तेजाबातून काढलेलं ते बोटानंच ओळखतात,
सगळीकडून सारखं वाळलेलं,
लांबच्या दुखण्यातून उठलेल्या माणसासारखं.
आणि दर वेळी तोच प्रश्न,
"धातू गेला कुठं?
मार बसला की धातू सरकतो गं,
शेजारी कुठंतरी उभा ऱ्हातो. त्यो शोध."

एकदाच खरं आलं, भाळवणीच्या एका पोराकडनं.
मुगुटराव काही बोलले नाहीत.
चहा टाकला, साखर विसरले.

मी अडखळते.
"उपजतच आहे तिचं," आई सांगते
बघायला आलेल्यांना, पोह्यांच्या बशा पुढं करत,
सराईतपणे.
दिवाळीत मामाच्या पेटीत एक कॅसेट निघाली.
पाच वर्षांची मी त्यात शंभरपर्यंत मोजते,
सलग, उड्या मारत, मध्येच कुकरची शिट्टी,
एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर,
आणि मागं वडील हसतात.

ती मी मुगुटरावांना ऐकवली नाही.
फक्त विचारलं,
'म'वर बराच वेळ उभी राहून,
मागाहूनचं असेल तर किंमत काय?
त्यांनी भिंग पुसलं धोतराच्या सोग्याला.
"रुपयाचा रुपया.
चालतंय की. कोण न्हाई म्हणतंय?"

त्या रात्री कॅसेट परत लावली.
माझा आवाज सोडून दिला,
समोरची कड ऐकत गेले.
कुकर. वडिलांचं हसू, मग ते थांबणं.
आणि नव्वदच्या आसपास
कुणीतरी बाई, दबकी, पुसट,
"पुरे आता" म्हणते.
कुणाला म्हणते, ते टेपवर नाही.

सोमवारी तो कानस मारलेला रुपया
पहाटेच्या आटपाडी गाडीच्या कंडक्टरला
सुट्ट्यात दिला.
त्यानं न बघता मोजला.