मागच्या दाराचं विमान

झिबल नेवाऱ्यांच्या घराचा जिना मागून आहे.
समोर ओसरी, ओसरीत कापसाचा काटा,
आणि माळ्यावर जायचं तर घराला वळसा,
गोठ्याच्या अंगानं.
तिथे एक दोर लोंबतो. ओढला की
घराच्या पोटातून लोखंडी पायऱ्या खाली येतात,
सात,
शेवटची मातीला टेकते
झोपलेल्या पोरावर गोधडी टाकावी इतक्या हळू.

यशोदेच्या काठचं आमचं गाव हसलं.
सोयरे आले तं मांगून चढवता का, बुवा?
ते म्हणाले, "याकचं दार मांगंच रायते."

याक म्हणजे बैल नव्हे.
ज्यानं विमान आखलं त्याच्या नावाचा तुकडा,
पुढे आकडा चाळीस.
नेवारे दोन वर्षं कीव्हच्या विमानशाळेत होते.
तिसऱ्या वर्षी परतले. का, ते गावानं विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.
जिनिंगात फिटर लागले.

रेच्यांच्या मागच्या भिंतीवर
कोळशानं काढलेलं मी पाहिलं आहे ते :
तीन इंजिनं, तिन्ही शेपटीकडे,
दोन बगलांना, एक आत दडलेलं.
आतल्याचं नाक वर, शेपटीच्या मुळाशी,
वारा तिथून शिरायचा
आणि वाकड्या नळीतून उतरून त्याला भेटायचा.
"तीन कायले?"
"एक बिघडलं तं दोन हायेत. तुह्या बंडीले असते का तिसरा बैल?"

पंख अंगापेक्षा लांब. आणि सरळ.
बाकीच्या जेटांचे मागे ओढलेले,
पळत्या कुत्र्याच्या कानांसारखे.
याचे मात्र
पाखरं हाकलायला बांधावर उभ्या राहिलेल्या बाईचे हात.
घाई नव्हती त्याला. लांब जायचंच नव्हतं.
सत्तावीस माणसं, एकीकडे एक, एकीकडे दोन,
या तालुक्यातून त्या तालुक्यात.
डांबर नको, गवत चालेल.
शिडी स्वतःची, पोटातली.
इंजिन चालू करायची वीजही स्वतःची,
उतरल्यावर कोणाला हाक मारायची गरज नाही.
जिथं कोणी घ्यायला येत नाही
अशा गावांसाठी केलेलं विमान.

हे शेवटचं वाक्य माझं.
ते एवढंच म्हणाले होते,
"आपल्या पडितावर उतरते. मी मोजलं हाये."

खरंच मोजलं होतं.
कडुनिंबापासून नाल्यापर्यंत, सुतळीनं, दोन उन्हाळे.
सातशे मीटर आणि वर थोडं.
"फक्त मधातली बोरी तोडा लागन."
बोरी पुंडलिक भोयराच्या हिश्श्यातली.
तो तोडू देईना.

दोषही सांगायचे,
सोयरीक जुळवताना पोराचे सांगावे तसे, हळू आवाजात :
तेल लय पिते.
आवाज साऱ्या जिनिंगाहून मोठा,
मागच्या बाकावर नवरा-बायकोचं भांडण होऊ शकत नाही.
"पन खराब जागेले भेत नाही."

एकदा विचारलं, बसलात का त्यात?
त्यांनी पाना ठेवला.
चिंधीनं बोटं पुसली, एकेक करून,
अंगठा दोनदा.
"शाळेतलं होतं ते. चाकं ठोकळ्यावर, इंजिनाचं पोट उघडं.
आमी रोज चढो, रोज उतरो.
थेही नाही उडलं. मीही नाही."
मग रेचा चालू झाला आणि बोलणं संपलं.

यंदा चैतात बोरी आपणच पडली.
वारा नव्हता, वीज नव्हती,
आतून पोखरलेली होती म्हणतात.
मी सांगायला गेलो.
दोर ओढ म्हणाले. ओढला.
सात पायऱ्या खाली आल्या, अजूनही न कुरकुरता,
पण गुडघ्यांनी त्यांना चढू दिलं नाही.
दुसऱ्या पायरीवर बसले, नाल्याकडे तोंड करून,
हात डोळ्यांवर धरून बराच वेळ.
"मोकळं झालं," म्हणाले.

शेळीचं एक पिल्लू
त्यांच्या मांडीवर पाय देऊन
वर निघून गेलं.