सत्तेचाळीस

कोंढाळीला पोचलो तेव्हा दुपारचे सव्वादोन.
बाहेर सत्तेचाळीस
आणि पडद्यावर बॅटरीही सत्तेचाळीस टक्के.
कांचन म्हणाली, बघा, गुण जुळले.
मी एसी बंद केला.

निघताना सत्तर होते. शंभर असायचे,
पण रात्री आमच्याकडे दोनदा लाईन गेली,
आणि सोसायटीचे सचिव निनावे पार्किंगमध्ये पॉईंट देत नाहीत,
म्हणून तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून वायर सोडतो मी.
सकाळी तिच्यावर कांचनचा टॉवेल वाळत असतो.

हिशेब सोपा होता.
पन्नास किलोमीटरला तेवीस टक्के,
तर अमरावतीपर्यंतच्या शंभराला शेहेचाळीस.
म्हणजे तेजसच्या साक्षगंधाला आम्ही
एका टक्क्यानिशी पोचणार.
तोही रस्ता सपाट राहिला तर,
आणि कांचनच्या मांडीवरच्या डब्यात
संत्रा बर्फी बर्फीच राहिली तर.

चार्जर होता. मोबाईलमध्ये हिरवा दिसत होता.
त्याच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं,
आणि त्या झोपेवरून कळत होतं
की इथं बरेच दिवस कोणी आलेलं नाही.

समोरच्या पंपावर एक जुनी पेट्रोल गाडी आली.
काळ्या धुराची, एक दिवा फुटलेली.
पोरानं काच खाली केली, हजाराचं टाकलं, काच वर केली.
चार मिनिटं.
तिच्या वासानं मला माझी आठवली,
चौदा वर्षांची, दिवाळीत विकलेली.
गोळीबार चौकातला हेडाऊ
पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून
तिचं दुखणं सांगायचा, डोळे मिटून.
नवी दाखवायला नेली तर बोनेटमध्ये बघत राहिला.
म्हणाला, हिचं का ऐकू साहेब,
हे तं बोलतच नाही बाप्पा.

खरं सांगायचं तर कांचनला आता गाडी लागत नाही.
पूर्वी पेट्रोलच्या वासानं वाडीच्या नाक्यापर्यंतच
लिंबू निघायचं पर्समधून.
हेही लिहून ठेवतो. हिशेब आहे.

आणि हेही, की आम्ही मानकापूरला राहतो.
रोज सकाळी ओल्या फडक्यानं टप पुसतो,
फडकं राखाडी होतं.
लोक म्हणतात, हिला सायलेन्सर नाही.
आहे ना. आमच्या गच्चीवरून दिसतो.
उत्तरेला, कोराडीला उभा आहे, आभाळाला टेकलेला,
माझ्या वाट्याचा धूर सोडत.

ढाब्याचे काळमेघ म्हणाले,
लावा ना भाऊ, त्यात का एवढं.
आणि त्यांनी कुलरचा प्लग काढला.
एकच होता मोठ्या पिनांचा.
खाटेवरचे चार ट्रकवाले
आधी कुशीवर वळले, मग उठून बसले,
आणि गाडीकडे असे बघत राहिले
जसा काही तिनं त्यांचा वारा प्यायला.
मला वाटलं, काहीतरी बोलतील.
एकानं फक्त विचारलं, किती वेळ पिते?

तासाला सात टक्के.

अमरावतीहून फोन आला, अंगठ्या झाल्या,
आवाजात बँड होता, कांचन रस्त्याकडे तोंड करून हसली.
मग तिनं डबा उघडला.
बर्फी एव्हाना शिऱ्यासारखी झाली होती.
ट्रकवाल्यांनी ती बोटांनी खाल्ली, चाटून,
पोराचं नाव विचारलं, मुलीचं गाव विचारलं,
आणि म्हातारा होता तो म्हणाला, जोडा सुखी राहो.

पावणेपाचला मी प्लग काढला आणि कुलरला दिला.
ओल्या वाळ्याचा वास आला.
चौघं आडवे झाले, कुत्रंही इकडे येऊन पसरलं.

बाहेर पंचेचाळीस.
पडद्यावर चौसष्ट.
दिवसभरात पहिल्यांदा गाडी पुढे होती.
एसी लावू का, मी विचारलं.
कांचन म्हणाली, राहू द्या,
परतही यायचंय.