परस्पर

स्विंडनमध्ये, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
मध्यस्थीची खोली. गोल टेबल, टिश्यूचा खोका,
आणि चौथ्या खुर्चीवर मी, दुभाषी.
ताशी बावीस पौंड, बसभाडं वेगळं.
एजन्सीचा पहिलाच नियम:
कुठल्याही पक्षाशी परस्पर बोलायचं नाही.
नियम इंग्रजीत आहे.
त्यातला 'परस्पर' मी माझ्यापुरता घातलेला.

हेलन म्हणाली, सगळं म्युच्युअल झालं तर उत्तम.
मी म्हटलं, परस्पर संमतीनं.
पेडणेकर नवराबायकोनं मान हलवली,
त्यांनी खालीवर, तिनं आडवी.

मग वैजयंताबाई टेबलाशी बोलल्यासारख्या बोलल्या:
"बांद्याची काजूची बाग. चाळीस कलमां.
ह्यांनी परस्पर विकल्यानी."

थांबले.
हेलनचं पेन हवेत.
मी आत्ताच दिलेला शब्द
माझ्याकडे उलटा होऊन आला होता,
धुवून काढलेल्या मोज्यासारखा,
शिवण बाहेर, दोरे लोंबत.

पर म्हणजे दुसरा.
पलीकडे आणखी एक पर.
मधे अर्धा स, दोघांना टाचून धरण्यापुरता.
'एकमेक'मध्ये निदान एक तरी सापडतो,
'आपापसां'त आपण असतो कुठेतरी.
ह्या शब्दात आपलं कुणीच नाही.
दोन परके, आणि तो अर्धा स.

म्हणून तर तो कुठेही जाऊन बसतो.
परस्पर आदर. परस्पर सामंजस्य.
परस्परांस पूरक अशी जोडी, आमच्याच लग्नात
कुणीतरी माइकवरून म्हणालं होतं.
आणि परस्पर पैसे उचलले,
परस्पर स्थळ कळवून टाकलं,
मला न विचारता माझा होकार परस्पर.
माझे वडील रक्त तपासायला गेले
ते दवाखान्यातून परस्पर गेले.
मी तेव्हा मोटरवेवर होते, रीडिंगच्या अलीकडे,
फोन पर्समध्ये, पर्स डिकीत.

हेलन अजून बघतेय.
मी सांगितलं: मला न सांगता, माझ्या पाठीमागे.
एका शब्दाचे पाच झाले,
तरी बागेचा वास आला नाही त्यात.

गुरुनाथ पेडणेकर पुढे सरकले. खुर्ची करकरली.
"आणि हिणा? तीन वर्सां,
म्हयन्याक ऐंशी पौंड भयणीक.
परस्पर."

बाईंनी नाकारलं नाही.
टिश्यू घेतला, डोळ्याला लावला नाही,
घडी घालून पुन्हा खोक्यावर ठेवला.

म्हणजे दोघांनीही, हेलन हळूच म्हणाली,
एकमेकांना कळू न देता?
मी मान हलवली. खरं तर मान हलवणं
दुभाष्याचं काम नाही.
तिनं वहीत लिहिलं: म्युच्युअल.
खाली रेघ ओढली.
बारा वर्षांत इतकं अचूक भाषांतर
माझ्याच्यानं झालेलं नाही.

जिन्यात पावाचा वास.
पेडणेकर जाकिटाची चेन लावत म्हणाले,
"हयसून परस्पर कामार जातंय मी."
गोदामात दुपारची पाळी, दोनची.
बाईंनी पिशवीतून डबा काढला.
"सरळ धर. आमटी आसा."
हे कुणी मला भाषांतर करायला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर काय केलं असतं, कोण जाणे.
तो 'परस्पर' तर तिसराच होता,
वाटेत घर न लागणारा.

ते कोपऱ्यावरून वळले.
मग त्या माझ्याकडे वळल्या:
"बाई, तिका तुम्ही नेमका काय सांगितलास?
माझाच सांगितलास मा?"

नियम पहिला.
मी बस येते का ते बघत राहिले.
थंडीनं नाक गळत होतं, दोघींचं.

बस एकच होती.
त्या पुढे बसल्या, मी मागे.
अंधार लवकर पडतो इथे.
काचेत त्या मला दिसत होत्या.
मी त्यांना दिसत असणार.