वाकड्या करंगळीची मूठ

डिचोलीच्या पुरसो च्यारीनं
आयुष्यभर घडवले पालखीचे दांडे.
एअर पिस्तूल समोर ठेवलं, तेव्हा
हात पुसून म्हणाला,
"हें खंयच्या देवाचें?"

मूठ बदलायची होती.
माझी करंगळी लहानपणी दारात चेंगरलेली;
कारखान्याला ती ठाऊक नाही.
फणसाच्या लाकडात त्यानं तिला जागा केली
कानशीनं, फुंकर मारत मारत.

मनगटाला मात्र टेकू नको, मी म्हटलं,
नियमात बसत नाही.
"मनगट तुजें तूंच सांबाळ."

म्हापशात, तपासणीच्या टेबलावर
मापाच्या पेटीत कडेला घासलं, पण बसलं.
चापाला पाचशे ग्रॅम लटकवून
उचललं हळूच.
सुटला नाही.

स्टिकर लागला.
मुठीच्या खाचेत राहिलेला पिवळा भुसा
मी नखानं काढला नाही.