ता.क.

तोझ म्हणतात इथे धुळीच्या वादळाला.
ते येऊन गेल्यावर मंगाफच्या फ्लॅटमध्ये
खिडकीच्या फळीवर बोटभर थर.
फडकं फिरवताना आठवतं,
यातली सगळी वाळू नाही,
थोडी मी आहे.
महिन्याला एक कातडी, असा साधारण हिशेब.
मिरजेहून अंगावर घालून आणलेली
पहिल्या पगाराआधीच गळून गेली
आणि मला कळलंही नाही.

लॅबमध्ये असं कोणी बोलत नाही.
तिथे थर असतात, आणि अगदी तळाशी
मूळपेशी, जागा धरून बसलेल्या,
कसलीच घाई नसलेल्या.
एकीच्या दोन होतात. एक तिथेच राहते,
दुसरी वर निघते,
चपटी होत, कोरडी होत, खवला होत
कुणाच्या तरी कॉलरवर संपते.

आता निघ, हे तिला कोण सांगतं?

बावीस अक्षरांचा एक तुकडा.
यादीत नाव नाही, नंबर आहे, दोनशे तीन.
त्याच्यापासून प्रथिन बनत नाही, काहीच बनत नाही;
कितीतरी वर्षं असले तुकडे
जेलच्या तळातून वाहून जाऊ दिले लोकांनी.
तो चिठ्ठी लिहीत नाही.
केंद्रकातून दुसऱ्याच कुणाची चिठ्ठी निघते,
वाढत राहा, वाढत राहा,
आणि हा जाऊन बसतो मजकूर संपल्यावर,
ता.क.च्या जागी.
मग ती चिठ्ठी कुणी वाचत नाही.

पंगतीत पानावर आडवा धरलेला हात,
तेवढंच त्याचं बोलणं.
तो हात नसेल तर वाढणारा वाढतच राहतो,
आणि त्या वाढण्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे,
ते मी वॉर्डात उच्चारत नाही.

ड्रेसिंगला शमसुद्दीन हमदुले येतात, हर्णैचे.
वाफेची लाइन फुटली, उजवा पंजा.
"अंगठा ठेवला तं लाल दिवा.
तेरा वर्सं हजेरी दिली त्या मशिनीला, बाय,
आनि ती इचारते, कोन तू?"

मी त्यांना मॉनिटरवर एका जखमेची कड दाखवली.
इथे तो तुकडा कमी होतो, म्हटलं,
पानावरचा हात काढून घेतो.
मग कडेच्या पेशी जागा सोडतात,
एकमेकींना धरून उघड्यावरून सरकतात
समोरून येणाऱ्या भेटेपर्यंत.
भेटल्या, की पुन्हा आडवा हात.

"म्हनजे गप बसून पन काम होतं म्हना,"
असं म्हणून त्यांनी फोरमनचं नाव घेतलं
आणि पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.
मग खाली बघत: "रेषा त्याच येतील ना?"

तळाचा थर उरला असेल तर त्याच.
खोलवर भाजलं असेल तर नाही.
पट्टीखाली किती उरलंय
हे पट्टी सांगत नव्हती. मीही नाही.

रात्री फहाहीलवरून बस येते तेव्हा
रिफायनरीची ज्योत काचेत आपल्यासोबत चालते.
आईचा फोन. वीस मिनिटं एकच,
कधी येतेस, या वेळी तरी ये.
"ठेवते" म्हटल्यावर मात्र ती नेहमी एक वाक्य बोलते
आणि आधीचं सगळं पुसून टाकते.
आज म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून
येऊ नकोस हो उगाच."
मी फोन कानाशी धरून बसले,
स्टॉप निघून गेला.

मंगळवारी हमदुल्यांनी
डाव्या हाताची करंगळी नोंदवली. हिरवा दिवा.
उजवा अंगठा ते रोज मगरिबनंतर
ट्यूबलाइटखाली तिरपा धरतात म्हणे,
आणि मोजतात.

दीड.