उघडं पाकीट

अर्जुनी मोरगाव ते भंडारा, सकाळची सातची गाडी.
एकोणीस वर्षं मी त्या फेरीवर होतो.
दर मंगळवारी नवेगावच्या फाट्यावर
अंगणवाडीची शहारेबाई हात करायची.
बसायची नाही. पाकीट द्यायची.
"पेपरवाल्याचा पोऱ्या येईल जी स्टँडवर, त्याले देजा."

पाकीट जुन्या हजेरीपटाचं,
भाताच्या खळीनं चिकटवलेलं, झाकण तेवढं सुटलेलं.
आता सुटलेल्या झाकणात माझा काय दोष?
साकोलीला चहा येईस्तोवर मी बघायचो.

हातपंप. त्याला झेंडूचा हार.
भोवती आमदार, बँडवाले, अख्खं गाव,
आणि पाण्याचा एकच थेंब,
तोही साहेबाच्या कपाळावर.
तिकिटाची पेटी मांडीवर दाबून मी असा हसलो
की गहाणे ड्रायव्हर म्हणाला, काय झालं बापा?

खाली सही: स. फुला.
लोकांना वाटायचं, असेल कुणी रिटायर मास्तर.
पत्रं यायची, "आदरणीय फुलासाहेब" म्हणून.
तीही मीच आणायचो, संध्याकाळच्या फेरीला.
सत्यफुला फाट्यावर उभ्यानंच वाचायची,
आणि पत्राच्या कोऱ्या पाठीवर
पुढच्या मंगळवारचा साहेब काढायची.

मला एवढंच विचारायची,
"झाली का जी फेरी बराबर?"
विचारताना माझं तोंड बघायची.
कधीकधी बुधवारी दुसरं पाकीट यायचं,
"कालचं फाडून टाका म्हनाव."
का, ते मी कधी विचारलं नाही.

मग ते खुर्चीचं चित्र आलं.
खुर्चीत सरपंचीणबाई, नाकापर्यंत पदर.
खुर्चीला चार पाय, चारही पँटीतले,
चारही पायांत पांढरे बूट.
पांढरे बूट आमच्या भागात
एकाच माणसाकडे होते.

त्या दिवशी चहा तसाच गार झाला.
संध्याकाळी तिनं माझ्याकडे पाहिलं.
"भेव वाटलं ना? मंग बराबर हाय."

बदली झाली, जंगलापलीकडच्या टोल्यावर.
पाच महिने मानधन अडकलं.
आणि एक दिवस सरपंचीणबाई एकटीच गाडीत चढली,
साकोलीचं तिकीट काढलं, सुट्टे पैसे मोजले,
मग हळूच म्हणाली, "ते कात्रण भेटंल का जी?"
माझ्या खिशात होतं.
तिनं बारीक घडी घालून ब्लाउजात ठेवलं.

पुढं बाईचं मनगट धरलं.
रेषा कापू लागली तशी चित्राखालची ओळ लांबली.
ओळीची अर्धं पान, अर्ध्याची पाच.
तेंदूपानाचे सत्तर-सत्तरचे पुडके बांधताना
बाया काय बोलतात,
खिचडीतली डाळ मोजायला आलेला साहेब
जेवून कसा गेला,
असं काहीबाही, पण वाचताना थांबा चुकायचा.
पाकीट जड झालं. रोज हातात धरणारा सांगतो,
चित्रकाराची लेखिका होणं म्हणजे
साधारण दोनशे ग्रॅमचा फरक.

मी रिटायर झालो. तिचं पुस्तक आलं.
त्यात एका जागी लिहिलंय:
"आमच्या तांदळाची खळ. कागद फाटेल, खळ सुटणार नाही.
झाकण मी मुद्दाम सोडायची.
संपादक काय, त्याले पगार भेटते.
तिकीट फाडनारा मानूस हासते का, ते पाहाचं होतं."

एकोणीस वर्षं मला वाटत होतं
मी चोरून बघतोय.

पान एकशे बारावर मी आहे.
घंटीची दोरी, कानावर पेन्सिल, बरोबर.
पोट मात्र फार मोठं काढलंय.
फाट्यावर भेटली तेव्हा मी तसं बोललोही.
बाईनं उत्तर दिलं नाही.
माझं तोंड बघत राहिली.